‘बिबट्याची पिल्ले’ आणि दादरचे दोन गुंठे

प्रकरण अभ्यास: काढणीच्या शेतात सापडलेली रानमांजराची तीन पिल्ले, चोपडा तालुका

प्राणीशास्त्राला प्रवेश घेतलेल्या खान्देशातल्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे बहुधा रानपिंगळा असतो. शंभरहून अधिक वर्षे कुणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, आणि त्याचा अभिमान आपल्याकडे रास्तच आहे. मात्र बी.एस्सी.ची तीन वर्षे संपेपर्यंत या विद्यार्थ्यांना रानपिंगळ्यासाठी एकही फोन येत नाही. फोन येतात ते विहिरीत पडलेल्या कोल्ह्याचे, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत शिरलेल्या धामणीचे आणि फेब्रुवारी-मार्च उजाडला की ‘बिबट्याच्या पिल्लां’चे. यातल्या शेवटच्या प्रकाराची ही सविस्तर नोंद आहे. तापीकाठच्या शेतांत दर हंगामात घडणाऱ्या घटनांवरून हे नमुनाप्रकरण जुळवले आहे. गाव, माणसे आणि नेमकी जागा मुद्दाम गाळली आहे. जागा का गाळली, त्याचे कारण पुढे पहिल्या रात्रीच्या हकिकतीत सापडेल.

शेत आणि हंगाम

तीन एकर काळी जमीन, त्यात दादर. रब्बीची ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये काढतात. त्या सुमाराला आजूबाजूचा कापूस उपटून झालेला असतो आणि हरभरा काढून शेत मोकळे पडलेले असते. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, खाली दाट सावली असलेली दादर ही त्या शिवारातली शेवटची लपण उरते. काळ्या जमिनीच्या भेगांत उंदरांची बिळे असतात, कणसे भरली की उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागे रानमांजर येते. मादीच्या दृष्टीने ही बाळंतपणाची उत्तम खोली आहे. अडचण एकच, ही खोली मार्चमध्ये विळ्याने कापली जाते. रानमांजराचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६६ दिवसांचा असतो आणि पिल्ले स्वतःच्या पायांनी आईमागे नीट पळू लागायला त्यावर काही आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत गाभण राहिलेल्या मादीचा हिशेब काढणीच्या तारखेशी जुळतच नाही.

शेताच्या उत्तरेला बांध आणि बाभळी, पश्चिमेला केळीचा पिलबाग (पहिल्या तोडणीनंतर पिलांवर राखलेली बाग), दक्षिणेला नाला. काढणी उक्ती, म्हणजे ठोक रकमेवर, दिलेली होती. सातपुड्यातून उतरलेले पावरा आदिवासी कुटुंब आणि गावातल्या बायका मिळून चौदा विळे. उक्ते काम थांबले की मजुराचा दिवस बुडतो, आणि पुढे शेतात जे काही घडले त्यातले बरेचसे या एका गोष्टीवर ठरले.

सकाळचे दोन तास

साडेनऊच्या सुमारास पात धरून पुढे सरकणाऱ्या एका बाईच्या विळ्यापुढे आडव्या पडलेल्या ताटांखाली तीन पिल्ले दिसली. डोळे उघडलेले, निळसर. चालताना मागचे पाय फाकत होते. तिने एकाला उचलले. पिल्लाने नख मारले आणि मनगटावर रक्ताची रेघ उमटली. पावरा टोळीतल्या वयस्क बाईने तिथेच सांगितले, की हे रानातले मांजर आहे, ठेवा तिथेच, आई जवळ असेल. तिचे कुणी ऐकले नाही. एका तरुणाने पिल्ले टोपल्यात घालून दीडशे मीटरवर बांधाच्या निंबाखाली नेली आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ होती: ‘हाई बिबट्यानं पिल्लू शे!’

अकरापर्यंत निंबाखाली साठ-सत्तर माणसे जमली. कुणीतरी घरून साखर घातलेले गाईचे दूध आणले. पोरांनी पिल्लांना उताणे धरून कापसाच्या वातीने ते पाजले. एकाच्या नाकातून दुधाचा फेस आला. ‘पोट भरलं आता,’ असा निर्वाळा दिला गेला. दरम्यान उरलेली टोळी दुसऱ्या टोकाकडून कापत आली आणि पिल्ले सापडली त्या जागेच्या तिन्ही बाजू मोकळ्या झाल्या.

गावातली एक विद्यार्थिनी चोपड्याच्या महाविद्यालयात प्राणीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला चुलत भावाचा फोन अकरा वीसला आला. तिने तिथूनच बीटच्या वनरक्षकांना फोन लावला. तो लागला नाही, तेव्हा वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवले आणि मग सायकलवर बसली. हा क्रम बरोबर होता. आधी शेतात जाऊन ‘बघून’ मग कळवायचे ठरवले असते तर तास गेला असता. उन्हात ठेवलेल्या तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या दृष्टीने हा तास फार मोठा.

बिबट्या की रानमांजर

ओळख पटवण्याला महत्त्व आहे, कारण बिबट्या म्हटले की गर्दी पांगत नाही, उलट काठ्या येतात. शिवाय खरोखर बिबट्याची पिल्ले असतील तर मादी परतण्याच्या वाटेवर माणसांचा जीव धोक्यात असतो. ही खात्री घरबसल्या फोटोवरूनही होते, पण फोटो नीट हवा. ग्रुपवरच्या फोटोत मापाला काहीच नव्हते. टोपल्यातले पिल्लू मांजराएवढेही वाटत होते आणि कुत्र्याएवढेही. विद्यार्थिनीने भावाला पिल्लाशेजारी काडेपेटी ठेवून वरून एक, बाजूने एक आणि शेपटीचा एक असे तीन फोटो मागितले. फोटोसाठी पिल्लू हातात धरायचे नाही, टोपल्यातच काढायचे, हे तिने बजावले.

बिबट्याच्या बछड्याचे पंजे शरीराच्या मानाने जाड असतात, कान गोल आणि आखूड, शेपूट लांब, आणि अंगभर गर्द ठिपके इतके दाट की लहानपणी बछडा राखाडी दिसतो. रानमांजराचे पिल्लू मातकट पिवळसर असते. अंगावर फिकट पट्टे किंवा अस्पष्ट ठिपके असतात आणि वाढता वाढता ते पुसट होत जातात; पायांवरचे आडवे पट्टे तेवढे राहतात. कान उभट आणि टोकदार, पाय लांब. शेपूट तुलनेने तोकडी, टोकाकडे गडद कडी आणि शेवटी काळे टोक. या प्रकरणात शेपटीच्या फोटोनेच निकाल लागला.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारात तिसरी शक्यता वाघाटीची असते. हे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेले जनावरही दीड किलोच्या आसपास. त्याच्या पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या सरळ रांगा आणि कपाळावर ठळक उभ्या रेघा असतात. चौथी शक्यता गावातल्या मांजरीची, आणि तीच सगळ्यांत फसवी. गावमांजर आणि रानमांजर यांची अगदी लहान पिल्ले फोटोवरून वेगळी करणे अनुभवी माणसालाही जड जाते. अशा वेळी शंका रानमांजराच्या बाजूने धरायची, कारण गावमांजरीची पिल्ले शेतात परत ठेवली तरी आई त्यांनाही नेतेच.

वजन करायचा मोह विद्यार्थ्यांना होतो. वहीत आकडा लिहिला की काम शास्त्रीय झाल्यासारखे वाटते. गर्दीत, उन्हात, तेही तराजूसाठी पिल्लू पुन्हा उचलून, हा आकडा मिळवण्यात काही अर्थ नाही. वजन पशुवैद्य करतीलच, औषधाचे माप ठरवायला त्यांना ते लागते.

शेतावर पोचल्यावर

निंबाची सावली सरकली होती आणि टोपले अर्धे उन्हात आले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातही आपल्याकडे दुपारचा पारा सदतीस-अडतीसला टेकतो. एक पिल्लू तोंड उघडून धापा टाकत होते. विद्यार्थिनीने पहिली मागणी केली ती सावलीची, आणि त्यानंतरच्या सगळ्या मागण्या पोलीस पाटलांच्या तोंडून करवून घेतल्या. वीस वर्षांच्या पोरीने ‘मागे सरा’ म्हटले तर हसू होते. पोलीस पाटलांनी म्हटले की माणसे सरतात. ‘पाटील आबा, तुम्ही फक्त नाल्याच्या पलीकडे लोकांना न्या, बाकी वनखात्याचे लोक येतायत,’ एवढेच ती बोलली.

पिल्ले केळीच्या कॅरेटमध्ये हलवली. कॅरेट आपल्याकडे कुठेही मिळते, खोली साधारण फूटभर असते, हवा खेळती राहते. त्याच्या बाजूच्या जाळीत पिल्लाचा पाय अडकतो, म्हणून आतून बारदान लावले, तळाला दादरच्या वाळक्या पानांचा थर दिला आणि वरून ओले फडके अर्ध्यावर टाकले. धापा टाकणाऱ्याचे पंजे पाण्याने ओले केले. बर्फ किंवा गार पाणी अंगावर ओतायचे नसते. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

दूध ताबडतोब बंद केले. तीन कारणे होती. गाईच्या दुधातली दुग्धशर्करा मांजराच्या पिल्लाला पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढ्याशा अंगातले पाणी काही तासांत जाते. उताणे धरून पाजलेले दूध श्वासनलिकेत उतरते. नाकातून आलेला फेस हीच त्याची खूण, आणि त्यातून दोन दिवसांनी फुप्फुसाचा दाह उभा राहतो. तिसरे कारण कुणाच्या फारसे लक्षात येत नाही: गळ्यावर आणि छातीवर सांडलेल्या गोड दुधाला मुंग्या लागतात. संध्याकाळी पिल्ले जमिनीवर ठेवली की आईच्या आधी तांबड्या मुंग्या पोचतात. म्हणून कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तिन्ही पिल्ले पुसून कोरडी केली.

नखाची रेघ उमटलेली बाई तोपर्यंत जखमेवर हळद लावून पुन्हा पात धरून बसली होती. या साऱ्या प्रकरणात माणसाच्या जिवाला खरा धोका होता तो इथेच. सस्तन रानटी प्राण्याच्या नखाने रक्त आले असेल तर रेबीजच्या दृष्टीने ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची जखम धरतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, हळद-मिरची-चुना काही लावायचे नाही आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठायचे. तिसऱ्या श्रेणीत लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) हेही द्यावे लागते. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. बाईचा प्रश्न वेगळाच होता: ‘रोज कोन दीन?’ शेतमालक नानांनी तिचा त्या दिवसाचा रोज कबूल केला तेव्हाच ती उठली. पुढच्या तारखा विद्यार्थिनीने तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये गजर लावून ठेवल्या, कारण होळीला टोळी पाड्यावर परतते आणि तिसऱ्या सुईनंतरच्या सुया तिथेच चुकतात.

कायदा, थोडक्यात

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दात पकडणेही येते, आणि पिल्लू हौसेने घरी नेणे हे पकडणेच. असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. विद्यार्थी म्हणून ओळखपत्र असले तरी पिल्ले वसतिगृहावर नेऊन ‘वाढवण्याचा’ अधिकार त्यातून मिळत नाही. हे गावात दरडावून सांगण्यात शहाणपण नाही. ज्या तरुणाने टोपल्यात घातली त्याला ‘गुन्हा केला’ म्हटले तर पुढच्या वर्षी तो पिल्ले कुणाला न सांगता नाल्यात टाकेल.

दोन गुंठ्यांचा वाद

वनरक्षक एक दहाला पोचले. मादी संध्याकाळी पिल्लांना शोधत येणार, तेव्हा पिल्ले सापडली तिथेच ठेवायची, यावर त्यांचे आणि विद्यार्थिनीचे एकमत झाले. माणसाच्या हाताचा वास लागला की आई पिल्ले टाकते, ही समजूत गावात घट्ट आहे आणि ती खोटी आहे. मादीला रोखतो तो वास नसतो. आवाज, उजेड आणि कुत्री तिला रोखतात.

खरा वाद पिकाचा होता. जागेभोवतीची दादर उभी ठेवावी असे वनरक्षक म्हणाले, आणि नानांना वाटले की सगळे शेतच अडकले. टोळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाणार होती. मोजून पाहिले तेव्हा प्रश्न लहान निघाला. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, राखून ठेवायचे होते दोन गुंठे, म्हणजे साधारण ४७ फूट लांब-रुंद चौकोन. त्यातले पीक कुठे जात नव्हते, आठवडाभर उशिरा कापले जाणार होते एवढेच. मुकादमाला दोन गुंठे वजा करून उक्त्याचे पैसे ठरले. ते दोन गुंठे नंतर घरच्या माणसांनी कापायचे, असे नानांनीच सुचवले.

साडेतीनला तालुक्याच्या दवाखान्यातून पशुवैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली, म्हणजे अंगातले पाणी फारसे उतरले नव्हते. हिरड्या गुलाबी. एकाला पातळ शौच. फेस आलेल्या पिल्लाची छाती ऐकली, घरघर नव्हती. पिल्ले संध्याकाळी ठेवण्यालायक आहेत, असा त्यांचा निर्णय झाला.

पहिली रात्र

सहाला कॅरेट ठेवले. चार कोपऱ्यांत दगड घातले होते, नाहीतर आईने काठावर पाय दिला की कॅरेट उलटते. झाकण नाही. दोन कॅमेरा ट्रॅप (जनावर पुढून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) बांधले: एक साडेतीन मीटरवर, जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर उंचीवर, दुसरा केळीच्या बाजूला. दोन्ही अदृश्य अवरक्त प्रकाशाचे. पांढरा फ्लॅश असलेला कॅमेरा अशा ठिकाणी लावणे म्हणजे बॅटरी मारण्यासारखेच. समोरची हलणारी पाने खुडून टाकली. तेवढे राहिले की वाऱ्याच्या झुळकीसरशी शेकडो रिकामे फोटो येतात आणि पहाटेपर्यंत कार्ड भरते. घड्याळ मोबाइलशी जुळवून घेतले. माणसे दीडशे मीटरवर, नाल्यापलीकडे, गाडीत.

मादी आठ चाळीसला आली. कॅमेऱ्यात कानांची टोके आणि लांब पाय स्वच्छ दिसतात. मानेला धरून एक पिल्लू उचलले आणि ती केळीत शिरली. तिथपर्यंत सगळे पुस्तकात लिहिल्यासारखे.

नऊ पाचला दोन मोटारसायकली हेडलाइट लावून बांधावर आल्या. दुपारी ग्रुपवर कुणीतरी शेताचे ‘लोकेशन’ टाकले होते आणि शेजारच्या गावची पोरे ‘बिबट्याची मादी’ बघायला निघाली होती. पाच मिनिटांत त्यांना परतवले, पण मादी नऊ पन्नासला आणि पुन्हा अकरा वीसला केवळ केळीच्या कडेला दिसली. दोन्ही वेळा ती थांबली, कॅरेटकडे पाहिले आणि परत गेली. सव्वादोनला दुसऱ्या कॅमेऱ्यात गावचे कुत्रे आले. वनरक्षकांनी त्याच क्षणी कॅरेट उचलून आणले.

पहाटे फोटो चाळताना दोष सापडला, आणि तो मोटारसायकलींच्याही आधीचा होता. कॅरेट ‘सापडल्या जागी’ ठेवले होते, पण सकाळी उभे पीक असलेली ती जागा संध्याकाळी उघडा पट्टा झाली होती. राखून ठेवलेल्या दोन गुंठ्यांची कड कॅरेटपासून सहा मीटर दूर होती. पहिल्या फेरीत, शांतता असताना, मादीने ते सहा मीटर ओलांडले. उजेडाने बिथरल्यावर तिने उघड्यावर पाऊल टाकायचे नाकारले. नियम पाळला गेला, त्यामागचे कारण नजरेआड झाले. पिल्ले मूळ जागी ठेवायची ती मादीला आडोशातून येता यावे म्हणून. आडोसाच गेला असेल तर मूळ जागेला चिकटून बसण्यात काही फायदा नाही.

मधला दिवस

दोन पिल्ले वनविभागाच्या नाक्यावरच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. आहार पशुवैद्यांच्या देखरेखीखाली. मांजराच्या पिल्लांसाठीचे तयार दूधचूर्ण जळगावहून मागवले. पाळीव मांजराच्या पिल्लांसाठी वापरतात तो ठोकताळा इथेही चालतो: दिवसाला दर १०० ग्रॅम वजनामागे सुमारे २० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत विभागून, आणि एका वेळी दर १०० ग्रॅममागे ४ मिलिलिटरच्या वर नाही. दूध अंगाइतके कोमट. पिल्लू पोटावर, डोके किंचित वर, जसे ते आईला पिते तसे. पिचकारीचा दट्ट्या ढकलायचा नाही, पिल्लाला ओढू द्यायचे. या वयाची पिल्ले कधी कधी आपणहून लघवी करत नाहीत, म्हणून प्रत्येक दुधानंतर कोमट ओल्या कापसाने मागची बाजू हळूच पुसायची. आई हेच जिभेने करते. अंग गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही, तिथेच नासते.

विद्यार्थिनीचे त्या दिवशीचे काम खोलीत नव्हते. ग्रुपवरचे ‘लोकेशन’ काढून टाकायला लावणे, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन करवणे आणि शेताजवळच्या चार घरांना संध्याकाळी कुत्री बांधायला सांगणे ही तिची कामे. चौथ्या घरातल्या आजींनी विचारले, ‘त्या मांजरीनं आमच्या कोंबड्या नेल्या तर?’ प्रश्न रास्त आहे. रानमांजर कोंबडी नेते. उत्तर म्हणून उंदरांचे गुणगान ऐकवण्यापेक्षा खुराड्याचे तुटलेले दार तारेने बांधून देणे जास्त उपयोगी पडले.

केळीच्या पलीकडच्या शेतात उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकल्या होत्या, हेही या फेरीत कळले. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त न गोठू देणाऱ्या विषाचा उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच मांजराच्या, घुबडाच्या तोंडी लागतो. विष उंदरातून शिकाऱ्यात उतरते. टाकलेले आमिष गोळा करवता आले नाही, पण बिळांबाहेर पडलेले मेलेले उंदीर उचलून फूटभर खोल पुरण्याचे त्या शेतकऱ्याने मान्य केले.

दुसरी रात्र

कॅरेट आता दोन गुंठ्यांच्या आत, कडेपासून हातभर, केळीच्या दिशेला. जमिनीवर मुंग्यांची रांग आहे का, ते आधी पाहिले. सूर्य मावळला साडेसहाच्या पुढे. त्यानंतर शेतात कुणी नाही, आणि वनविभागाची गाडी काल होती त्याच्याही मागे. वनरक्षक आणि पोलीस पाटील बांधाच्या दोन टोकांना, बॅटऱ्या बंद.

सात बावन्नला मादी आली. दोन्ही पिल्ले ओरडत होती. दुधाची वेळ मुद्दाम थोडी लांबवली होती, कारण भुकेले पिल्लू हाक देते आणि पोट भरलेले पिल्लू झोपते. पहिले तिने लगेच उचलले. दुसऱ्यासाठी ती आठ एकतीसला आली. मधल्या ३९ मिनिटांत कॅमेऱ्यात फक्त एक साळिंदर आहे, आणि ते कॅरेट हुंगून निघून गेले.

पहाटेपर्यंत कॅमेरे तसेच ठेवले. मादी पुन्हा आली नाही, म्हणजे तिला नेण्यासारखे काही उरले नव्हते. तीन रात्रींपर्यंत प्रयत्न करायचा आणि पिल्लांची तब्येत ढासळू लागली तर आधीच थांबायचे, असे आधी ठरले होते. जुन्नरच्या उसात सापडणाऱ्या बिबट्याच्या बछड्यांसाठी हीच रीत वापरतात. तिथे माणसांचे अंतर आणि बंदोबस्त अर्थातच खूप मोठा असतो.

नोंद

विद्यार्थिनीच्या वहीत दोन पाने आहेत: तारीख, वेळा, पीक, पिल्लांची संख्या आणि वयाचा अंदाज, आईच्या फेऱ्या, कुत्र्याची वेळ, कोण कधी आले. जागेचे अक्षांश-रेखांश वनविभागाला दिलेल्या प्रतीत आहेत. महाविद्यालयात दिलेल्या प्रतीत फक्त तालुका आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागा आपोआप नोंदली जाते, म्हणून फोटो पुढे देण्याआधी ती माहिती काढून टाकली. निरीक्षणांच्या सार्वजनिक संकेतस्थळावरची नोंद तिने महिनाभराने, जागा धूसर करून टाकली.

राखलेले दोन गुंठे नवव्या दिवशी नानांच्या घरच्यांनी कापले. ताटांच्या बुंध्याशी दीड हात लांबीचा, पाने दाबून केलेला खोलगा होता. शेजारच्या भेगेत उंदरांच्या कवट्या आणि दोन पक्ष्यांची पिसे. एवढ्या कवट्या, म्हणजे जन्मल्यापासूनची शिकार पिल्लांनी इथेच खाल्ली असावी, असे विद्यार्थिनीने कवट्या मोजून लिहिले. खरे तर ही पिल्ले अजून दुधावरची होती, तेव्हा ते खाणे आईचेच. तिच्या शिक्षकांनी तेवढे वाक्य खोडून परत दिले. कवट्या कागदी पाकिटात घालून, वर तारीख लिहून, वनरक्षकांच्या परवानगीने प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत, दातांवरून जाती ओळखायला.